‘आपली वर्गणी संपली’ : एका दुर्लक्षित गद्यप्रकाराचे परीक्षण

मराठीत परीक्षकाच्या तावडीतून सहसा काही सुटत नाही. कवितासंग्रह सुटत नाही, कादंबरी सुटत नाही. नाटकाची तर पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी चिरफाड होते. परंतु एक गद्यप्रकार असा आहे की, तो वर्षातून निदान एकदा प्रत्येक वर्गणीदाराच्या घरी त्याच्या नावानिशी येतो, त्याच्याशी थेट बोलतो, त्याच्याकडे काही मागतो, आणि तरीही त्याचे परीक्षण कोणी केलेले माझ्या पाहण्यात नाही. हा गद्यप्रकार म्हणजे वर्गणी संपल्याचे पत्र. त्याचा लेखक अज्ञात असतो. सही व्यवस्थापकाची, कळकळ संपादकाची आणि मजकूर बहुधा गेल्या वर्षीचा! वाचणाराही ते दारात उभ्याउभ्याच वाचतो. पण अग्रलेख न वाचता मासिक चालू शकते. हे पत्र वाचले गेले नाही तर ते चालत नाही. तेव्हा वाङ्मय म्हणून नाही, तरी वाङ्मयाचा पोशिंदा म्हणून त्याची दखल घ्यायला हरकत नसावी.

हा विषय दिवाळीत कशाला, असे कोणी विचारील. तर दिवाळीइतका याला योग्य मुहूर्त दुसरा नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांत फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची चाल पडली. पुढे पुष्कळ मासिकांनी दिवाळी अंक वार्षिक वर्गणीतच धरला. त्यामुळे दसरा उलटला की ‘अमुक तारखेच्या आत वर्गणी भरा आणि दिवाळी अंक विनामूल्य मिळवा’ अशा पत्रांचा पाऊस पडू लागतो. आकाशकंदिलाच्या आधी ही पत्रे घरात येतात.

माझ्यापुढे आज अशी पिशवीभर पत्रे आहेत. ती गडहिंग्लजमधल्या सहा-सात वडीलधाऱ्या वाचकांची आहेत; सगळे सत्तरीच्या पुढचे. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी एस. टी.तून निवृत्त झालेले, एक आक्का मिरचीच्या पेढीवाल्याच्या घरातल्या. हिरण्यकेशीच्या काठचे आमचे हे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्नाटकाच्या शिवेलगत आहे. जवळचे संकेश्वर 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर पलीकडच्या राज्यात आहे. पण मराठी मासिक तिथल्या घरांतही येते. आमच्या गावात आगगाडी नाही. मासिक यायचे ते टपालाने, नाहीतर एस. टी.वर टाकलेल्या गठ्ठ्यातून. अशा गावात वर्गणीदार असणे ही एक ओळख असते. वेष्टनावर चिकटवलेल्या पट्टीवर आपले नाव, त्याखाली वर्गणी क्रमांक आणि शेवटी 416502 हा पिनकोड. ही पिनकोडाची पद्धत 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी संस्कृतचे कवी होते. आमच्या गुरुजींना हे मोठे कौतुकाचे वाटते. ते म्हणतात, “कवीनं घातलेला आकडा आहे, म्हणून तर मासिक चुकत नाही!”

पत्रांकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास पाहू. कारण या पत्राचा सूर कसा बदलला हे कळल्याशिवाय त्याचे गुणदोष सांगता येणार नाहीत.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 6 जानेवारी 1832 रोजी निघाले, तेव्हापासून मराठी नियतकालिकाचे दुखणे एकच : वाचणारे पुष्कळ, पैसे देणारे थोडे. एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांत वर्गणीचे दोन दर छापलेले दिसतात. आगाऊ देणाऱ्याला कमी आणि मागाहून देणाऱ्याला जास्त. म्हणजे अंक आधी जाई आणि पैसे मागून येत, किंवा येतच नसत. टपालखात्याने 1877 साली व्ही. पी. सुरू केली आणि 1880 साली मनीऑर्डर. या दोन सोयींनी मराठी मासिकांवर केवढे उपकार केले आहेत याची कल्पना आज येणार नाही. 1867 ला सुरू झालेला ‘विविधज्ञानविस्तार’ 1937 पर्यंत चालला. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी तर 1886 पासून कोचीनला राहून ‘केरळकोकिळ’ चालवले. संपादक मलबारात आणि वर्गणीदार देशावर! मध्ये टपालाचा शिपाई आणि परस्परांचा विश्वास, एवढेच काय ते. 1920 साली निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ नांगर विकणाऱ्या कारखान्याची. पण तिचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि आमच्यासारख्या आडगावांतल्या घरांत ते टपालानेच पोचले.

त्या काळच्या वर्गणीपत्राचा सूर अजिजीचा असे. पुष्कळदा खाली एक वाक्य असे : नकार न आल्यास पुढील अंक व्ही. पी.ने पाठवू. आपण गप्प राहिलो तर होकार धरला जाई खरा. पण त्या गप्प राहण्याला एक उंबरठा होता. पोस्टमन व्ही. पी. घेऊन दारात उभा राही आणि घरातला माणूस ती सोडवून घेई किंवा परत पाठवी. परत गेली तर टपालखर्चाचा भुर्दंड मासिकाला. म्हणजे निर्णयाची शेवटची कडी वाचकाच्या दाराला होती आणि ती आतून लागत होती. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढचे सगळे परीक्षण त्यावर उभे आहे.

मनीऑर्डरीची गोष्ट याहून गोड आहे. तिच्या फॉर्मला खाली एक कुपन असे आणि त्यावर मजकूर लिहायला थोडी जागा असे. फौजेतला मुलगा आईला तेवढ्यात खुशाली कळवी. आणि मासिकाचा वर्गणीदार? तो तेवढ्यात परीक्षण लिही! आमचे गुरुजी चाळीस वर्षे दर डिसेंबरात मनीऑर्डरीच्या कुपनावर आपले मत लिहून पाठवीत आले. कथा लांबल्या आहेत. शब्दकोडे सोपे झाले आहे. यंदाचे मुखपृष्ठ आवडले. अमुक लेखमाला बंद का केली? एका वर्षी तर त्यांनी नुसतेच लिहिले होते, “भरतो आहे, पण नाराजीने.” ते कुपन मासिकाच्या कचेरीत कोणीतरी वाचीत असे, कारण त्यावर पत्ता असे आणि पत्त्यावाचून अंक जात नसे. पैसे आणि मत एकाच कागदावर, एकाच पोस्टमनच्या हातून पोचत. वाचकाला याहून चांगली सोय कोणत्याही साहित्यसंमेलनाने दिलेली नाही.

2008 साली ई-मनीऑर्डर आली. तिच्यात संदेशाची ठरावीक वाक्ये यादीतून निवडण्याची सोय आली. 2015 साली जुन्या कागदी मनीऑर्डरीचे दिवस संपले. दिवाळीच्या शुभेच्छांसाठी यादीतले वाक्य चालून जाईल. पण ‘भरतो आहे, पण नाराजीने’ असे वाक्य कोणत्या यादीत असणार?

आता पिशवीतली पत्रे पाहू. त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग करुणरसाचा. कागदाचे भाव वाढले, टपाल महागले, तरीही केवळ आपल्यासारख्या रसिकांच्या बळावर इत्यादी. या पत्रात खरेपणा असतो, म्हणून त्याची शैली कितीही पाल्हाळिक असली तरी मी तिला उणे गुण देणार नाही. फक्त एक दोष : करुणरसाच्या भरात वर्गणी कोणत्या महिन्यात संपते हे सांगायचे राहून जाते.

दुसरा वर्ग अद्भुतरसाचा. तीन वर्षांची वर्गणी भरा आणि भिंतीवरचे घड्याळ, प्रवासी बॅग किंवा डब्यांचा संच मिळवा. यात मासिकाच्या मजकुराबद्दल एक अक्षर नसते. आमच्या आक्कांना एका मासिकाच्या तीन वर्षांच्या वर्गणीवर डब्यांचा संच आला. डबे अजून आहेत. मासिक मात्र दुसऱ्या वर्षापासून अनियमित झाले. “डबं चांगलं हाईत की,” असे त्या म्हणतात. मासिकाला मिळालेला हा अभिप्राय मी जसाच्या तसा नोंदवतो.

तिसरा वर्ग भयानकरसाचा. ‘अंतिम सूचना’ असा लाल अक्षरांत मथळा. एका गृहस्थांकडे एकाच मासिकाच्या तीन अंतिम सूचना आहेत. पहिली ऑगस्टातली, दुसरी सप्टेंबरातली आणि तिसरी ऑक्टोबरातली. वर्गणी संपत होती पुढल्या मार्चमध्ये! त्यांनी घाबरून पहिल्या सूचनेला पैसे भरले आणि दुसरीलाही भरले. पहिले भरल्याची आठवण राहिली नाही, कारण पावती आली नव्हती. वयाला विसर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पत्र लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असावे, अशी शंका मला हा गठ्ठा वाचताना वारंवार येते.

या तिन्ही वर्गांना लागू पडणारा एक वाङ्मयीन दोष सांगतो. या पत्रांना नायक नाही. वर्गणीपत्राचा नायक म्हणजे तारीख. ‘आपली वर्गणी अमुक महिन्याच्या अंकाबरोबर संपते’ एवढे वाक्य आले की बाकीचे कथानक आपोआप उलगडते. पण ‘लवकरच’, ‘संपत आली आहे’, ‘त्वरा करा’ असली क्रियाविशेषणे रंगमंचावर धावपळ करतात आणि नायकाची एन्ट्रीच होत नाही. तारीख झाकणारे पत्र वाचकाला हिशेब करू देत नाही. आणि ज्याला हिशेब करता येत नाही तो भिऊन पैसे देतो.

चौथा वर्ग मात्र नव्या जमान्याचा आहे, आणि त्याचे परीक्षण करणे अवघड आहे. कारण त्यात पत्रच नसते.

गुरुजींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या पुण्याच्या नातवाने त्यांना एक टॅब आणून दिला. त्यावर अक्षरे मोठी करता येतात. एका प्रकाशनाचे नियतकालिक त्यावर घेतले. पहिला महिना फुकट होता. फुकट असले तरी बँकेच्या कार्डाचा नंबर मात्र आधी द्यायचा होता. तो नातवाने भरला. गुरुजींना पडद्यावर वाचण्याचा कंटाळा आला आणि टॅब कपाटात गेला. दोन वर्षांनी ते बँकेत पासबुक भरून घ्यायला गेले, तेव्हा एका आद्याक्षरांच्या नोंदीपुढे दोनदा रक्कम वजा झालेली दिसली. काउंटरवरच्या मुलीने सांगितले, “गुरुजी, तुम्हीच मंजुरी दिलीय नव्हं का? आपोआप जातंय ते.”

गुरुजींनी तिला विचारले, “आपोआप म्हणजे कोण?”

या प्रश्नाला व्याकरणाचा प्रश्न म्हणून त्या मुलीने हसून सोडून दिले. मला तो या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. जुन्या पत्राला सही होती, व्ही. पी.ला पोस्टमन होता, कुपनाला अक्षर होते. ‘आपोआप’ला कर्ता नाही.

न्यायाने बोलायचे तर सरकारने याबाबतीत हात बांधून ठेवलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून अशी ठरावीक मुदतीची कपात करण्यापूर्वी निदान 24 तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, आणि त्या सूचनेतच ती कपात नाकारण्याची सोय असावी लागते. दर वेळी नवी मंजुरी न घेता वजा करता येणाऱ्या रकमेची मर्यादा तेव्हा 5,000 रुपये होती. 2022 साली ती 15,000 करण्यात आली. मासिकाची वर्गणी अर्थातच या मर्यादेच्या खूप आत बसते. पुढे 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत अशा 13 क्लृप्त्यांची यादी आहे आणि तिच्यात वर्गणीच्या सापळ्याला स्वतंत्र स्थान आहे. वर्गणी बंद करण्याचा मार्ग अवघड करणे किंवा लपवणे, फुकट वर्गणीसाठीही पैसे भरण्याचे तपशील आधी मागणे, हे त्या सापळ्यात मोडते. गुरुजींच्या प्रकरणाचे वर्णन इतक्या नेमक्या शब्दांत कायद्यात सापडल्यावर त्यांना बरे वाटले. तक्रारीसाठी ग्राहकांचा 1915 हा राष्ट्रीय दूरध्वनी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे दाद मागता येते. म्हणजे प्रकाशन दिल्लीचे असले तरी गडहिंग्लजच्या माणसाला कोल्हापूरच्या पलीकडे जावे लागत नाही.

परंतु कायद्याने सूचना द्यायला लावली, ती वाचणाराच्या भाषेत आणि वाचणाराच्या हाती पडेल हे त्याला पाहता आले नाही. गुरुजींना जायची सूचना नातवाच्या मोबाईलवर इंग्रजीत गेली. त्या मोबाईलवर रोज अशा कितीतरी सूचना येतात. नातू कर्तव्यदक्ष आहे, आजोबांवर त्याची माया आहे. पण त्याने ती वाचली नाही, आणि वाचली असती तरी ‘आजोबा वाचत असतील’ असेच त्याला वाटले असते. आजोबांना वाटत होते, फुकट होते ते संपले. दोघांच्या मधल्या या जिव्हाळ्याच्या गैरसमजावर कोणाचा तरी धंदा चालतो, ही गोष्ट मला रकमेपेक्षा अधिक खुपते.

आक्कांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगतो. त्यांच्या एका मासिकाची वर्गणी सुनेच्या फोनवरून अशीच परस्पर पुढे गेली. सुनेने पैसे परत मिळवण्याची खटपट चालवली, तेव्हा त्या म्हणाल्या, “पैशाचं काय न्हाई गं. मी घेतलंच असतं. पर इचारलं न्हाई, ह्याचं वाईट वाटतंय.” लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या हे मासिक घेतात. दर वर्षी ते त्यांना विचारीत आले आणि दर वर्षी त्या ‘हो’ म्हणत आल्या. पेढीच्या व्यवहारात त्यांचे मत कोणी विचारले नाही, मुलांच्या शाळा-कॉलेजांतही फारसे विचारले नाही. हे एक पत्र मात्र त्यांच्या नावाने येई आणि त्याला त्यांनीच उत्तर द्यायचे असे.

आता दुसरी बाजू. ती न मांडणे हा अन्याय होईल. मराठी मासिकांचे कितीतरी संपादक पदरमोड करून अंक काढतात. कचेरी म्हणजे घरातलीच एक खोली, मदतीला एखादा माणूस. अशा ठिकाणी वर्गणीपत्र उशिरा जाते, पावती जात नाही, वहीत नाव खाली-वर होते. यात लबाडी नसते, दमछाक असते. चांगली मासिकेही बंद पडतात. 1933 साली सुरू झालेली ‘सत्यकथा’ 1982 ला थांबली. 1961 चे ‘माणूस’ 1986 ला थांबले. ‘लोकप्रभा’ साप्ताहिक 2022 ला बंद झाले. साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 रोजी काढलेली ‘साधना’ किंवा बालभारतीचे 1971 पासूनचे ‘किशोर’ आजही निघते, ही आनंदाची गोष्ट. पण ती नेहमीची नव्हे. तेव्हा वर्षाच्या वर्षाला वर्गणीदारांच्या दारात उभे राहण्याचा संपादकाला कंटाळा आला आणि ‘एकदाच घ्या आणि सुटा’ असे वाटले, तर ते समजण्यासारखे आहे.

याच कंटाळ्यातून आजीव वर्गणी जन्माला आली. तिचे गणित सोपे आहे. समजा, वार्षिक वर्गणी 500 रुपये आणि आजीव 5,000. संपादकाला दहा वर्षांचे पैसे आज मिळाले. ते मुदतीच्या ठेवीत ठेवून व्याजावर अंक पाठवावा हा शहाणपणा; पण छापखान्याचे बिल दारात असते, ठेव मोडते, आणि अकराव्या वर्षापासून प्रत्येक अंक पदरचा होतो. वर्गणीदार जितका दीर्घायुषी तितका मासिकाला महाग! शिवाय ‘आजीव’ म्हणजे कोणाच्या जिवापर्यंत, वाचकाच्या की मासिकाच्या, हे पावतीवर लिहिलेले नसते. आमच्याकडच्या एका गृहस्थांनी साठाव्या वर्षी तीन मासिकांची आजीव वर्गणी भरली. आज ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि तिन्ही मासिके त्यांच्या आधी गेली. ते हसत म्हणतात, “तिघांचंही सुतक मी पाळलं.”

हा विनोद मी पुष्कळांना सांगितला आणि सगळे हसले. पण त्यात एक गंभीर गोष्ट आहे. आजीव वर्गणी असो की आपोआप होणारी कपात असो, दोहोंचा हेतू एकच : वाचकाला पुन्हा न विचारणे. एक विचारीत नाही दमल्यामुळे, दुसरा विचारीत नाही हिशेबीपणामुळे. पहिल्याला क्षमा आहे, दुसऱ्याला नाही. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने दोघांचेही नुकसान सारखेच होते, आणि ते कसे, एवढेच सांगून मी हे परीक्षण आटोपते घेतो.

मासिकाचा खरा समीक्षक कोण? विद्यापीठातला प्राध्यापक एखाद्या कथेवर लिहितो. बंडखोर तरुण रागावला तर होळी करतो. 1969 साली मुंबईत ‘सत्यकथे’च्या अंकाची तशी होळी झालीही. ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदली गेली. पण गडहिंग्लजसारख्या गावातला वाचक प्राध्यापकही नसतो आणि होळीही करीत नाही. त्याच्या हाती वर्षातून एकदाच येणारे एकच शस्त्र असते : वर्गणी भरायची की नाही. बारा अंक वाचून तो हा निकाल देतो. तो निकाल कोठे छापून येत नाही. पण संपादकाला तो कळतो. वर्गणीदार शंभराने घटले की संपादक अंक पुन्हा उघडून पाहतो. कोणत्या अंकात काय बिघडले, कोणती लेखमाला लांबली, कोणता लेखक नुसत्या नावावर चालला आहे, हे त्याला शोधावे लागते. मराठी मासिकांचा दर्जा ज्यांनी राखला त्यांत मोठे संपादक होते हे खरे. पण त्यांच्या मानेवर दर डिसेंबरात या मुक्या समीक्षकांचा हात असे, हेही खरे.

वर्गणी आपोआप पुढे गेली की हा हात गळतो. वाचक कंटाळला, अंक न फोडताच कोनाड्यात पडू लागले, तरी वहीत वर्गणीदारांची संख्या तीच दिसते. संपादकाला वाटते, आपले चांगले चालले आहे. न वाचणाऱ्यांचे पैसे हे मासिकाला मिळणारे सर्वांत वाईट पैसे, कारण त्यांच्याबरोबर खोटी प्रशस्ती येते. आणि वयस्क वाचकाकडून ती सर्वांत सहज मिळते. तो भिडस्त असतो, फोनवर नाही म्हणत नाही, इंग्रजी सूचना वाचीत नाही, आणि हिशेब चुकला तर स्वतःच्या वयाला दोष देतो. पन्नास वर्षे ज्याने मराठी मासिके जगवली, त्याच्या विसराळूपणावर वर्गणीदारांचा आकडा फुगवणे ही कृतघ्नता आहे. यापेक्षा मऊ शब्द मला सापडत नाही.

मग चांगले वर्गणीपत्र कसे असावे? परीक्षकाने नुसते दोष काढू नयेत, नमुना द्यावा, असा जुना संकेत आहे. माझा नमुना एका पोस्टकार्डात मावतो :

‘आपली वर्गणी डिसेंबरच्या अंकाबरोबर संपते. पुढे अंक हवा असल्यास 600 रुपये मनीऑर्डरने, चेकने किंवा मोबाईलवरून पाठवावेत. पावती आठ दिवसांत येईल. अंक नको असल्यास आपण काहीही करण्याची गरज नाही, तो थांबेल. मात्र का नको, ते दोन ओळींत कळवलेत तर उपकार होतील. अडचण असल्यास कचेरीत सकाळी 11 ते सायंकाळी 5 या वेळात फोन करावा, माणूस बोलेल.’

यात करुणरस नाही, अद्भुतही नाही. नायक पहिल्याच वाक्यात येतो. गप्प राहिले तर काय होईल हे स्वच्छ सांगितले आहे, आणि गप्प राहण्याचा अर्थ नकार धरला आहे, होकार नव्हे. गुरुजींनी हा मसुदा वाचला आणि एका जागी पेन्सिलीने खूण केली : ‘दोन ओळींत’च्या जागी ‘चार ओळींत’ करावे. चाळीस वर्षे कुपनावर लिहिणाऱ्याला दोन ओळी पुरणार नाहीत, हे खरेच आहे.

वाचकांच्या बाजूनेही थोडे कर्तव्य आहे. वर्गणी भरल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी. वर्षातून दोनदा पासबुक भरून आणावे आणि घरातल्या मुला-नातवंडांना ते एकदा वाचायला लावावे. दिवाळीला सगळे घरी असतात, ती वेळ बरी. आणि मासिक थांबवायचे असेल तर मुकाट्याने थांबवू नये, का थांबवतो ते लिहावे. कुपन गेले, पोस्टकार्ड गेलेले नाही.

यंदा आमच्या आक्कांनी सुनेच्या फोनवरची ती परस्पर कपात बंद करून घेतली. मासिक मात्र बंद केले नाही. पुढल्या वर्षाची वर्गणी त्यांनी पोस्टात जाऊन स्वतः भरली, आणि व्यवस्थापकाला वेगळे कार्ड लिहिले, की पुढल्या वेळी आधी विचारावे. पाककृतींत तेल फार असते. आणि कथा बऱ्या आहेत.